रमाबाईंचा मृत्यू आणि रमाईचे स्मरण

अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासात रमाबाई नावाच्या तीन स्त्रिया आहेत आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यांतील दोघींची ओळख त्यांच्या ग्रंथांमुळे होते. पंडिता रमाबाई १९२२ साली निवर्तल्या, रमाबाई रानडे १९२४ साली. पहिलीने 'स्त्रीधर्मनीती' लिहिली, दुसरीने 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. ग्रंथालयाच्या सूचीत या दोघी 'लेखक' या रकान्यात सापडतात. तिसऱ्या रमाबाई, भीमराव आंबेडकरांच्या पत्नी, २७ मे १९३५ रोजी मुंबईत वारल्या. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही, लेख नाही, छापलेले भाषण नाही. सूचीत त्या 'विषय' म्हणून येतात, आणि विषय म्हणूनही त्यांचा प्रवेश बराच उशिरा झाला.

असे असूनही, लोकांच्या कंठात टिकून राहण्याचा प्रश्न घेतला तर या तिघींत तिसरीचे स्थान निराळे आहे. दलित वस्त्यांतील घराघरांत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी तिची तसबीर असते. ७ फेब्रुवारीला तिची जयंती आणि २७ मे रोजी तिचा स्मृतिदिन पाळला जातो. तिच्यावर रचलेली गीते गावोगाव गायिली जातात. रमाबाईंची 'रमाई' कशी झाली, आणि ती होत असताना काय राखले गेले व काय निसटले, हा या लेखाचा विचारविषय आहे. हा प्रश्न केवळ एका चरित्राचा नाही. ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांनी आपला इतिहास कोणत्या साधनांनी जपला, आणि त्या साधनांकडे अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, असा तो व्यापक प्रश्न आहे.

आधी चरित्राचा सांगाडा. रमाबाईंचा जन्म १८९८ चा मानला जातो. गाव वणंद, कोकणातील दापोलीच्या परिसरातले. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुंबईला नातेवाइकांच्या आश्रयाने ही भावंडे वाढली. लग्न १९०६ च्या सुमारास झाले. वधू आठनऊ वर्षांची, वर चौदापंधरा वर्षांचा. धनंजय कीरांनी या लग्नाचे जे वर्णन दिले आहे ते मराठी चरित्रवाङ्मयातील एक विलक्षण चित्र आहे. भायखळ्याच्या बाजारात रात्री विक्रेते उठून गेल्यावर लग्न लागले. विक्रीसाठी बांधलेले दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक, आणि बाजाराचे मोकळे छप्पर हाच मांडव.

पुढील एकोणतीस वर्षांच्या संसाराचा मोठा भाग पतीच्या अनुपस्थितीत गेला. १९१३ ते १९१७ या काळात भीमराव न्यूयॉर्क आणि लंडन येथे होते. १९२० ते १९२३ या काळात पुन्हा लंडनमध्ये. सासरे रामजी सुभेदार फेब्रुवारी १९१३ मध्येच वारले होते. थोरले दीर आनंदराव १९१७ मध्ये गेले, आणि त्यांची विधवा पत्नी लक्ष्मीबाई व तिचे मूल यांच्यासह एका खोलीतल्या संसाराचा भार या अल्पशिक्षित तरुणीवर पडला. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर महिनाभराने बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आपण आणि आपली पत्नी सावरलो आहोत असा आव आणण्यात अर्थ नाही, असा त्यातील आशय. मला हे पत्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. रमाबाईंचे मन कागदावर उमटलेले आपल्याला दिसते ते असे: दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, आणि 'आम्ही' या सर्वनामाच्या अर्ध्या भागात.

इथे मराठी वाङ्मयेतिहासाशी एक तुलना करणे भाग आहे. थोर पुरुषाच्या पत्नीने सहजीवनाच्या आठवणी लिहाव्यात, ही मराठीत मोठी परंपरा आहे. रमाबाई रानड्यांनी ती सुरू केली आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने ती कळसाला नेली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे रमाबाई आंबेडकरांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. लक्ष्मीबाईही शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याने अक्षरे शिकविली हे दोघींत समान. परंतु लक्ष्मीबाईंच्या अवतीभोवती लिहिते घर होते, छापणारे होते, वाचणारे होते, आणि त्यांच्या विनोदाला ओळखणारा एक मध्यमवर्ग होता. रमाबाईंना अक्षरओळख झाली तरी त्या अक्षरांना जायला जागा नव्हती. आपण 'रमाबाईंनी काही लिहिले नाही' असे एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. त्या वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत याचा हिशेब मात्र वाङ्मयेतिहासाने मांडलेला नाही.

कागदावर जे आले ते चरित्रकारांनी आणले. चांगदेव खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला; कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. खैरमोडे यांनी हे घर जवळून पाहिले होते, त्यामुळे घरखर्चाची ओढाताण, दुखणीबाणी, सणवार अशा बारीकसारीक गोष्टी त्यांच्याकडे मिळतात. तरीही दोन्ही चरित्रांचा नायक एकच आहे आणि प्रकाश त्याच्यावर आहे. रमाबाई त्या प्रकाशाच्या कडेला वावरतात. १९२८ साली मुंबईत अस्पृश्य स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, ही गोष्ट मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कार्याचा शोध 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथात घेतल्यानंतरच अभ्यासकांच्या नजरेत भरू लागली.

चरित्रात रमाबाईंची स्वतःची इच्छा म्हणून स्पष्टपणे नोंदली गेलेली गोष्ट एकच, आणि ती पंढरपूरची. त्या धार्मिक वृत्तीच्या होत्या, उपासतापास करीत, आणि विठ्ठलाचे दर्शन घ्यावे असे त्यांना वाटे. अस्पृश्याला पंढरपुरात देवळाबाहेरूनच हात जोडावे लागत. जे पंढरपूर आपल्या भक्ताला दूर उभे करते त्याचे काय एवढे, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे कीर सांगतात. ते उत्तर थोर होते यात शंका नाही; सबंध समाजाच्या पुढच्या प्रवासाची दिशा त्यात होती. पण ज्या बाईने विचारले तिला दर्शन घडले नाही, हेही तितकेच खरे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. रमाबाईंना जाऊन तोवर बारा वर्षे झाली होती.

दीर्घ आजारानंतर दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'त त्यांचा अंत झाला. हे घर बांधून फार वर्षे झाली नव्हती; चाळीतल्या दोन खोल्यांतून या वास्तूत आल्यावर त्यांना तिथे जेमतेम काही काळ मिळाला. अंत्ययात्रेला सुमारे दहा हजारांचा समुदाय होता, असे कीरांनी लिहिले आहे. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. ज्या स्त्रीने राजकीय व्यासपीठ गाजवले नव्हते, जिचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येई, तिच्यामागे गिरण्यांतले, गोदीतले, नगरपालिकेच्या सफाई खात्यातले लोक आपापले काम टाकून वरळीच्या स्मशानापर्यंत चालत गेले. पुढाऱ्याची पत्नी म्हणून काही आले असतील, पण केवळ तेवढ्याने इतकी गर्दी जमत नाही. चाळीत राहताना तिने पाहिलेले दिवस या लोकांनीही शेजारच्या खोलीत पाहिले होते.

त्यानंतर जे घडले ते बाबासाहेबांच्या चरित्रातील सर्वांत अंतर्मुख करणारे पर्व आहे असे मी मानतो. उत्तरक्रिया मुलगा यशवंत याच्या हातून जुन्या रीतीप्रमाणे, जातीतल्याच पुरोहिताकरवी झाली. बाबासाहेबांनी मुंडण केले, भगवी वस्त्रे धारण केली आणि ते स्वतःला खोलीत कोंडून घेऊन बसले. अनेक दिवस त्यांचे सांत्वन करणे कोणाला जमले नाही. त्याच आठवड्याच्या अखेरीस, १ जून १९३५ रोजी, त्यांच्याकडे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद आले. आणि १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. वरळीची चिता आणि येवल्याचे व्यासपीठ यांच्यात साडेचार महिन्यांचे अंतर आहे. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा असे मला वाटते, कारण येवल्यामागे महाडचा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सारा अनुभव उभा होता. मात्र एवढे म्हणता येईल की बाबासाहेबांनी जुन्या धर्माच्या रीतीप्रमाणे आपल्या देहावर जे शेवटचे मोठे चिन्ह धारण केले, ते रमाबाईंच्या शोकाचे होते.

त्यांच्या शोकाचा दुसरा पुरावा ग्रंथरूप आहे. पाकिस्तानच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० च्या अखेरीस निघाला आणि तो 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलेला आहे; ते तिला याच नावाने हाक मारीत. हृदयाचा चांगुलपणा, मनाचे औदार्य आणि शील यांचा गौरव करून, मित्र नव्हते अशा दिवसांत तिने शांतपणे सोसलेल्या हालांची कृतज्ञ आठवण त्या अर्पणपत्रिकेत केली आहे. लोकसंख्या, प्रांतांच्या सीमा, सैन्याची रचना यांची कठोर चिकित्सा करणाऱ्या त्या पुस्तकाच्या दारात एका घरगुती हाकेने सुरू होणारे हे एकच वाक्य आहे. या अर्पणपत्रिकेत 'त्याग' हा शब्द केंद्रस्थानी नाही. तेथे धीर आहे आणि सोबत आहे. ही सूक्ष्म गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

आता गीतांकडे वळू. आंबेडकरी जलशांची परंपरा १९३० च्या दशकाच्या आरंभापासून दिसते. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी सत्यशोधकी जलशाचा साचा घेऊन तो नव्या विचाराने भरला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी भीमगीताला जे रूप दिले त्यात रमाई हे एक स्वतंत्र दालन झाले. या गीतांतील प्रसंग ठरलेले आहेत: रात्रीच्या अंधारात शेण गोळा करून गोवऱ्या थापणारी रमा, साहेबांच्या शिक्षणात व्यत्यय नको म्हणून मुलाच्या आजाराची बातमी दडविणारी रमा, धारवाडच्या वसतिगृहात उपाशी मुलांसाठी हातातल्या बांगड्या काढून देणारी रमा. त्यातला एक प्रसंग तर आख्यायिकेच्या पदवीला पोहोचला आहे. साहेबांच्या सत्काराला जायला नेसूचे धड लुगडे नाही, म्हणून शाहू महाराजांनी साहेबांना दिलेला फेटाच रमा लुगड्यासारखा नेसते.

इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रसंगांची एकेक करून उलटतपासणी करावी. काहींना आठवणींचा आधार मिळेल, काहींना मिळणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथे संपत नाही. फेट्याच्या कथेची रचना पाहा. फेटा हे पुरुषाच्या मानाचे वस्त्र, आणि तेही राजाने दिलेले. ते उलगडून घरातल्या बाईची लाज झाकली जाते. समाजाला मिळालेला पहिला मोठा सन्मान आणि समाजाच्या घरात मुक्काम ठोकून बसलेले दारिद्र्य एकाच कापडात गुंडाळणारी ही प्रतिमा कोणा एका कवीच्या प्रतिभेची असो की अनेकांच्या मुखातून घडलेली असो, ती उत्तम काव्यप्रतिमा आहे. तिला 'भाबडी' म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने संतचरित्रांतील असल्याच कथांना मात्र नेहमी सहृदयतेने वाचले आहे.

गीतांहूनही मला अधिक बोलक्या वाटतात त्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या घरात ओव्या जमविल्या. त्यांतील भीमराव आणि रमाबाई यांच्यावरच्या ओव्यांचा एक मोठा गुच्छ बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाला. जलशाचे गीत प्रामुख्याने पुरुषाने रचलेले आणि सभेला उद्देशून असते. ओवी बाईची, आणि ती स्वतःलाच ऐकविलेली. त्यामुळे दोहोंतील रमाबाई एक नाही. सभेतली रमाई समाजाची माता असते. ओवीत बाबासाहेब हे माहेरचे भाऊ होऊन येतात आणि त्यांच्यामागून रमाबाई भावजयीच्या नात्याने उंबरठा ओलांडते. ओवीची जुनी रीत अशी की जे आपल्याला लाभले नाही ते आपल्या माणसाच्या अंगावर पाहायचे. त्यामुळे हालअपेष्टांची यादी देण्यात ओवीला रस नाही; ती रमाबाईला नटवते, थाटात बसवते. गीतकार तिच्या फाटक्या लुगड्यापाशी थांबतो, ओवी गाणारी बाई तिला नवे लुगडे नेसवते. प्रेम दोघांचेही आहे, पण ज्यांनी स्वतः फाटके नेसले त्यांना त्याचे गुणगान करावेसे वाटले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या बायकांना तिच्यात स्वतःचे काय दिसले, याचे उत्तर बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात आहे. महारवाड्यातील बाळंतिणीची भूक, पोटाला आलेली आणि गेलेली मुले, उपासमारीतही चालू असलेले देवधर्म यांचे तेथले वर्णन वाचावे. चार मुले गेलेली आई ही त्या वस्त्यांत अपवाद नव्हती. रमाबाईंसाठी रडताना त्या बायका आपल्या गेलेल्या मुलांसाठी रडत होत्या. फरक इतकाच की या दुःखाला आता एक नाव मिळाले होते आणि ते नाव मोठ्याने उच्चारता येत होते.

असे असले तरी या स्मरणाची एक बाजू समीक्षकाने स्पष्टपणे मांडली पाहिजे. गेल्या काही दशकांत 'त्यागमूर्ती' हे विशेषण रमाबाईंना इतके चिकटले आहे की त्यापलीकडे त्यांच्याविषयी बोलणे कठीण व्हावे. भाषणांत आणि पुस्तिकांत रमाबाईंचे वर्णन वाचताना कधीकधी वाटते की हे जुन्या पतिव्रतेचेच चित्र आहे, फक्त चौकट निळी आहे. ज्या चळवळीने मनुस्मृती जाळली आणि जिच्या नेत्याने कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली, तिने आपल्या आदर्श स्त्रीपुढे न बोलता झिजण्याचाच कित्ता ठेवावा, यातली विसंगती दलित स्त्री-अभ्यासकांनी दाखवून दिली आहे आणि ती मान्य करावी लागते. पंढरपूरची इच्छा तर या चित्रातून बहुधा गळूनच जाते, किंवा पतीच्या उत्तरासाठीचे निमित्त म्हणून उरते. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या समाजाला आपली आई विठ्ठलभक्त होती हे आठवणे अवघड गेले असेल. पण ती होती.

या आदर्शीकरणाची किंमत आणखी एका स्त्रीने मोजली. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या पुढे सविता आंबेडकर, माईसाहेब, म्हणून ओळखल्या गेल्या. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांचे निधन झाल्यावर त्यांच्यावर उघड संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला तरी संशय विरला नाही. त्या दशकांत रमाईचे स्तवन पुष्कळदा माईसाहेबांवरचा आरोप म्हणून गायिले गेले: पहिली जातीची, सोसणारी, अबोल, दुसरी ब्राह्मण, शिकलेली, बोलणारी. माईसाहेबांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन लिहून आपली बाजू मांडली. २००३ साली त्या वारल्या. एका स्त्रीवरच्या प्रेमाला दुसरीच्या निंदेची गरज पडावी, हा रमाबाईंवरही अन्यायच होता. ललित लेखनात यशवंत मनोहरांच्या 'रमाई'सारख्या कृतींनी तिच्या मनाचा ठाव घेण्याचा प्रयत्न केला. त्याची दखल मराठी समीक्षेने आजवर घेतली त्याहून अधिक घ्यायला हवी होती.

महाराष्ट्राबाहेर हे नाव गेले ते राजकारणाच्या वाटेने. हिंदी प्रदेशात ती 'माता रमाबाई' झाली. लखनौत तिच्या नावाचे मोठे सभामैदान आहे. उत्तर प्रदेशातील कानपूर देहात जिल्ह्याला २०१० साली रमाबाईनगर हे नाव देण्यात आले आणि सरकार बदलल्यावर २०१२ साली जुने नाव परत आले. महाराष्ट्र शासनाच्या घरकुल योजनेला तिचे नाव आहे. जिच्या संसाराची बहुतेक वर्षे भाड्याच्या खोलीत गेली, तिचे नाव घराच्या योजनेला मिळाले हे योग्यच झाले.

मुंबईत घाटकोपरच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गालगत, माता रमाबाई आंबेडकर नगर नावाची वस्ती उभी राहिली. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी विलास घोगरे या शाहिराने आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा चित्रपट तेथूनच सुरू होतो. त्या जुलैपासून वर्तमानपत्रांत 'रमाबाई नगर' या दोन शब्दांचा अर्थ गोळीबार असा झाला. वस्तीतल्या बायका दरवर्षी ११ जुलैला आपल्या मृतांना आणि २७ मे रोजी रमाईला फुले वाहतात. दोन्ही दिवशी गाणी तीच असतात.